मिष्टीला उलटी झाली तर

कुत्र्यामांजरांचं काय घेऊन बसलात? आमच्या सईने टॅरंट्युला पाळलाय. हो, तोच केसाळ कोळी! मादी आहे, नाव मिष्टी, आणि अजून पिल्लूच आहे म्हणे. परवा तिला लहान डब्यातून नव्या काचेच्या पेटीत हलवलं आणि सई कॉलेजला निघाली. पोरीचा जन्मच कोलकात्यातल्या बालीगंजमधला, त्यामुळे मराठी जेमतेम. जाता जाता म्हणाली, "आई, तिला उलटी झाली तर हात लावू नकोस हं."

कोळ्याला उलटी? म्हटलं, नवी जागा मानवली नसेल बिचारीला. मी फडकंसुद्धा काढून ठेवलं.

दुपारी डोकावले तर मिष्टी उताणी, आठही पाय वर! फोन स्पीकरवर टाकून ओरडले, "सई, अगं मिष्टी गेली!"

"गेली? कुठे गेली? झाकण उघडं होतं?"

हे ऐकताच आमचे हे चपलांसकट डायनिंग टेबलवर चढले.

"अगं, मेली ती! उताणी पडलीय!"

"मग सांगितलं होतं ना, उलटी होईल म्हणून? जुनं कातडं काढतेय ती!"

म्हणजे बया कात टाकत होती! संध्याकाळी बघते तर पेटीत चक्क दोन मिष्ट्या, एक जिवंत आणि एक नुसती पोकळ.

घरात फक्त मराठीच बोलायचं, हा नियम माझा. त्या दिवशी मीच सईपुढे हात जोडले, "बाई गं, मिष्टीचं काय ते यापुढे बंगालीत सांग."