दंतवैद्य वगळून

— हो, पोस्टरवरची तीच बाई. नाझदार. माझी बायको. आपल्या फार्गोची आमदार. तुम्ही मत दिलंत की नाही ते सांगू नका, तुमचे चारही टायर अजून माझ्या ताब्यात आहेत. बसा ना. चहा घ्या. गोड लागेल, आम्हा कुर्दांचा असाच असतो. उजवीकडनं पीत नाही तुम्ही? दाढ ठणकतेय — वरची, अगदी मागची? नाही नाही, तोंड उघडू नका, साहेब. आमच्या गावी, दुहोकला, माझा दातांचा दवाखाना होता, रांग रस्त्यापर्यंत यायची. इथे नुसतं बघायचीही परवानगी नाही. इथे मी टायर बघतो.

ती? ती तिकडे गणित शिकवायची. इथे आल्यावर मांसाच्या कारखान्यात लागली, कोंबड्या कापायला. मग कारखान्याकडे जाणारी पहाटेची बस बंद झाली. बायका बर्फातून चालत जायला लागल्या. ही सभेत उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत अशी बोलली, की बस सुरू झाली. मग लोक म्हणाले, निवडणुकीला उभी राहा. राहिली. दारोदार हिंडलो आम्ही — ती पुढे, मी मागे. काय बोलायची? सगळीकडे एकच — 'हा माझा नवरा. दंतवैद्य आहे. टायर बदलतो.' बस्स. लोक माझ्याकडे बघायचे, मान हलवायचे. तुम्ही नॉर्वेवाले — पणजोबा तिकडनं आले ना तुमचे — मुळात बोलतच नाही. पण मतं दिलीत. माझं तोंड बघून निवडून आली म्हणा ना.

मग तिनं तो कायदा मांडला. परदेशात शिकलेल्या नर्स, डॉक्टर, दंतवैद्य — परीक्षा द्या, कामाला लागा. एवढंच. नर्स सगळ्यांनाच हव्या होत्या. इथले दंतवैद्य मात्र आडवे आले. तेव्हा मीच तिला म्हटलं, आम्हाला काढून टाक, कायदा होऊ दे. मीच म्हटलं. सगळ्यांना हेच सांगतो मी.

नाही — म्हणजे — म्हटलं असतं. विचारलं असतं तर. दुकान बंद ठेवून, धाकट्या लेकीला घेऊन गेलो होतो राजधानीत, बिस्मार्कला, विधानसभा बघायला. नवा कोट घालून. वर गॅलरीत बसलो. खाली माझी बायको उभी राहिली आणि म्हणाली, 'अध्यक्ष महोदय, एक दुरुस्ती. दंतवैद्य वगळून.' लेक हळूच म्हणाली, 'बाबा, म्हणजे तुम्ही?' मी म्हटलं, 'नीट बस.' मतांच्या फळ्यावर हिरवे दिवे लागले, भराभर, पुष्कळ. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. तिनं वर बघितलं नाही. नंतर जिन्यापाशी भेटली. 'शेरजाद, एवढंच पास होत होतं.' मी म्हटलं, 'छान झालं.' 'रागावलास?' 'दुकानात गर्दी असेल, निघतो.' येताना गाडीत लेक एक शब्द बोलली नाही. तीही नॉर्वेवालीच झालीये.

परवा एक कांगोची बाई आली. तिकडे नर्स होती, इथे दवाखान्यात फरशा पुसते. आता परीक्षेला बसतेय. केक घेऊन आली, माझा हात धरून रडली — 'तुमच्या बायकोमुळे.' काय करणार? केक खाल्ला. चांगला होता.

नाझदार बिस्मार्कहून फोनवर म्हणते, पुढच्या अधिवेशनात तुझं बघू. अधिवेशन दोन वर्षांनी एकदा. तोवर मी साठीला. आणि हा हात — पाना धरला की ठीक असतो, बारीक काही धरलं की थरथरतो. सुई धरून कुणाच्या तोंडात घालायचा हा हात? परीक्षा पास झालो असतो तरी — कळलं ना? हे कुणाला सांगितलं नाहीये मी. तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. बोलत नाही म्हणून असेल.

पण तिनं बघितलं असेल का हो? जेवताना, चमचा धरताना? बघितलं असेल, म्हणूनच विचारलं नाही — असं असेल? की खरंच नुसती मतं मोजली तिनं? कुठलं जास्त वाईट, सांगा बघू.

थांबा. ती निळी गाडी — नाझदारचीच. अधिवेशन संपलं वाटतं. बघा, रांगेत शेवटी लावली गाडी, आमदार असून. उतरत नाहीये. आतच बसलीये, स्टिअरिंग धरून.

तुमची गाडी झाली, साहेब. ही किल्ली. पैसे उद्या द्या. नाही, तिच्या समोरनं नको — मागच्या दारानं जा.