पथ्याचं उद्यापन

मंडळी, टाळ खाली ठेवा. आज मी चिडलेली आहे! आधी प्रश्न ऐका — देवासाठी अख्खा चातुर्मास मीठ सोडणारा माणूस, स्वतःच्या जिवासाठी ते का सोडत नाही?

आख्यान पुराणातलं नाही. याच देवळातलं आहे!

आमचे पद्माकरबुवा मृदंगवाले. गॅसबत्तीच्या उजेडात माझं पहिलं कीर्तन झालं, मी घाबरून अभंगच विसरले. तेव्हा या माणसाने मृदंग असा घुमवला, की लोकांना वाटलं बाई मुद्दाम थांबली! असा हात!

तर बुवांचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज गोळी घ्यायची. मीठ कमी. लोणचं, पापड, फरसाण बंद."

"किती दिवस?"

"कायमचं."

"कायमचं म्हणजे... दिवाळीपर्यंत ना?"

हसा, हसा! तुम्हीही हेच विचारता!

चातुर्मास अळणी काढायची बुवांना सवय. पथ्य व्रतासारखं धरलं. कुमुदवहिनी लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन, लिंबू पिळून वेगळी भाजी करायची. बुवा कुरकुरायचे, "अगं, ही भाजी आहे की शिक्षा?"

"खा मुकाट्याने! मला मृदंग वाजवणारा नवरा हवाय, हार घातलेला फोटो नको!"

आणि प्रेशर उतरलं! कशाने? गोळ्यांनी आणि पथ्याने. मग पथ्य पुढे चालवावं की नाही? छे! बुवा म्हणाले, "व्रत फळलं. आता उद्यापन!"

अहो, पंगत बसली की! याच सभामंडपात! खारातल्या मिरच्या, तळलेले पापड, लोणच्याची अख्खी बरणी! वहिनी ताटावर हात आडवा धरतेय, आणि कोण म्हणालं — "बुवा, एकाने काय होतंय? वहिनी, माणसाला जेवू तरी द्या!" कोण? माना का खाली गेल्या? तुम्हीच!

त्या दिवशी काही झालं नाही. तिथेच घात झाला! बुवांना वाटलं, आता सगळं चालतं. मग रोजच उद्यापन! आणि प्रेशर काय शंख फुंकत येतं? ते गुपचूप चढत राहिलं.

गोकुळाष्टमीच्या भजनात मृदंग चुकला. बुवांचा? मी वळून पाहिलं — उजवा हात मांडीवर गळून पडलेला, तोंड वाकडं, आणि बुवा त्या हाताकडे असे बघताहेत, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे!

जीव वाचला. ते बघा, खांबाला टेकून बसलेत. आता वहिनी भरवते. तीच अळणी भाजी! आता कुरकुर नाही. शब्दच फुटत नाही, कुरकुर कशी करणार?

व्रत देवाला वाहता, त्याचं उद्यापन करा. पथ्याला उद्यापन नाही! सकाळी गोळी घेऊन दुपारी पापड मोडणारे इथे किती बसलेत, मी ओळखून आहे. आणि आग्रह करणाऱ्यांनो — बुवांना एक घास भरवायला गेलात कधी त्यांच्या घरी?

चला, नामाचा गजर करू. टाळ्या वाजवा — दोन्ही हातांनी! आणखी जोरात!

...थांबा. खांबाकडून काय ऐकू येतंय? बुवा डाव्या हाताने मांडीवर ठेका धरताहेत. ताल अजून पक्का आहे. तुमचे तर दोन्ही हात धड आहेत ना? घरी गेल्यावर त्यातला एक लोणच्याच्या बरणीकडे जाईल — तेव्हा हा ठेका ऐका!