शेपटीवरचा शूरवीर

नाही, पण मला सांगा, नुसती शेपूट बघून जनावर मेलं असं कोणी ठरवतं का? अहो, पाल नाही का शेपूट टाकून पळत, घरोघरी भिंतीवर असते, पोरासोरांना ठाऊक असतं, आणि अख्ख्या गावात एकानेही विचारू नये की बाबा रे, शेपूट आणलीस ते ठीक, बाकीचा राक्षस कुठे आहे? तेवढं विचारलं असतं ना, तर सांगितलं असतं मी. म्हणजे... मला वाटतं, सांगितलं असतं. खोटं मी बोललो नाही हो. फक्त गप्प बसलो.

तुम्हाला सांगतो, आमचं घरचंच पथक. ज्याला राक्षसाचा त्रास त्याने बोलवायचं, आम्ही जाऊन मारायचा, हा धंदा. माझी ताई म्होरकी, तिच्या हातात कुऱ्हाड. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, तिरंदाज, नेम पक्का पण चष्मा पुसल्याशिवाय बाण सोडणार नाहीत. आणि मी भालेवाला, सगळ्यांच्या मागे. तीन वर्षांपूर्वी एका नदीच्या डोहातला राक्षस मारायला गेलो. दुमजली घराएवढं धूड, आणि धुकं असं की स्वतःचा भाला दिसेना. ताई अलीकडे, दाजी पलीकडे चष्मा पुसतायत, आणि मी चिखलात घसरलो तो थेट त्याच्या शेपटीवर. भीतीने गच्च मिठी मारली, दुसरं काय करणार... आणि शेपूट तुटून माझ्याच हातात! तो वळला, नको असलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि लव्हाळ्यात शिरून निघून गेला. चांगला धडधाकट. हे पाहिलं फक्त मी.

धुकं विरलं तेव्हा लोकांना दिसलो मी आणि वळवळणारी शेपूट. मी तोंड उघडलं होतं, शप्पथ, पण तेवढ्यात ताईने माझ्या चिखलाने भरलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शाबास रे." आमची ताई! जिने जन्मात मला 'बरा आहेस' एवढंही म्हटलं नव्हतं... मग काय, गप्प बसलो.

शेपूट गावाने सभागृहात टांगली. आमच्याकडे न्हावी मला रांग सोडून आधी खुर्चीत बसवायला लागला. आणि तीन वर्षांनी त्या गावचा निरोप आला, मेलेल्या राक्षसाचा भाऊ आलाय, सूड घ्यायला. भाऊ! गेलो, तर दाजी काठावरून निरखून म्हणतात, भाऊच दिसतोय, चेहरा तोच, फक्त शेपूट जरा आखूड आहे. मी म्हटलं, हं.

मग आम्हाला नावाड्याच्या घरी नेलं. खाटेवर पडलेला, उजवा पाय गुडघ्यापासून नाही. डोहात लेकीला पोहायला शिकवत होता, राक्षस आला तशी पोरीला त्याने नावेत ढकललं, म्हणून ती वाचली. आणि तो माणूस माझा हात धरून काय म्हणतो?

"दादा, तुमची चूक नाही. तुम्ही एक मारलात म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दुसरा असेल हे तुम्हाला तरी काय माहीत?"

त्याची बायको शेजारीच उभी. तुम्हाला सांगतो, त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि मी तिथेही... हो, तिथेही गप्प बसलो.

पण मग ताईने बेत सांगितला. मागचा शेपूट तुटल्यावर मेला, म्हणजे यांचा जीव शेपटीत, तेव्हा शेपटीला गळ अडकवून दोघं नवरा-बायको ओढणार. म्हणजे शेपूट येणार हातात, हे दोघं पडणार उताणे, आणि तो जेवायला बसणार. भर दुपारी, नाव डोहाच्या मधोमध, ताई गळ परजतेय, तेव्हा मी एका दमात सगळं ओकलो. दाजींनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

ताई म्हणाली, "तीन वर्षं बोलला का नाहीस?"

"तू शाबास म्हणालीस ना, म्हणून."

तिने गळ खाली ठेवला, कुऱ्हाड उचलली. मग म्हणाली, "पुढे बस. भाला घे."

तो आला. दाजींचा बाण डोळ्यात, ताईची कुऱ्हाड मानेत, आणि मी? मी गळ्यावर भाला मारला, तो लागला, आणि मी पाण्यात पडलो. तरी या खेपेला धूड काठाला ओढल्यावर मी त्याच्या छातीवर कान लावून संध्याकाळपर्यंत बसलो. सगळे म्हणाले मेलाय, चल. मी उठेना.

मग चौकात, सगळ्यांसमोर, शेपटीपासून सांगितलं. ताई माझ्याकडे न बघता निघून गेली, दाजी दोनदा वळून बघत गेले. नावाड्याची बायको पुढे आली.

"नाव चालवता येते?"

"नाही."

"शिकाल," एवढंच म्हणाली.

म्हणून वर्ष झालं, वल्हवतोय. नावाडी काठावर खुर्चीत बसून माझ्या चुका काढतो, त्याची लेक हसते, ताईचं पत्र नाही. आणि मी जो भेटेल त्याला सगळं खरं खरं सांगतो, पण ऐकतो कोण? दोन वाक्यांत लोक उठून जातात. अख्खं ऐकलंत ते तुम्हीच... अर्थात, नदीच्या मधोमध उठून जाणार तरी कुठे म्हणा!