गेल्लेर्टच्या धनुष्याचा टेका

सन्माननीय अध्यक्ष आणि आमचे गावप्रमुख वार्कोनीसाहेब, व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, आज निरोप घेणारे धनुर्गुरू गेल्लेर्ट, आणि तिसा नदीकाठचा चिखल तुडवत आलेल्या माझ्या बायाबापड्यांनो,

मी चार बुकंही धड शिकलेली नाही, तेव्हा शब्द जाडेभरडेच येतील.

आमच्या आखाड्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. जाणारा गुरू आपल्या धनुष्याच्या मुठीवरचा टेका, म्हणजे बाण जिथे विसावतो तेवढं अस्तर, खरवडून काढतो आणि उघडं धनुष्य पुढच्याच्या हाती देतो. नवा टेका त्यानं स्वतः निवडायचा, चिकटवायचा आणि दोन बाणांत नेम साधायचा. बघणाऱ्यानं चकार शब्द काढला तर नेम बाद. आज सकाळी ते धनुष्य माझ्या नातीच्या, इल्काच्या हाती होतं. ती चुकली असती तर आखाड्याला कुलूप, आणि धनुष्यं शहरातल्या संग्रहालयात. असंच ठरलं होतं ना, अध्यक्षसाहेब? मान खाली घालू नका, मी नुसतं विचारलं.

मेजावर प्लास्टिकचा टेका होता, नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा होता, वासराच्या केसाळ कातड्याचा होता. प्लास्टिककडे पोरीनं बघितलंसुद्धा नाही. नमदा मऊ, आवाज करत नाही, म्हणून तो घेतला. पण धुकं किती होतं! नमदा पाणी पिऊन फुगला, बाणाची पिसं त्याला घासली आणि बाण डावीकडे गवतात.

उरला एक बाण. तिनं नमदा उचकटला, कातडं घेतलं. खाली आगकाडी ठेवली, म्हणजे बाण एकाच उंचवट्यावर टेकेल. शाबास! आणि घाईत कातडं उलटं चिकटवलं. केसांचा रोख निशाणाकडे हवा, म्हणजे बाण न अडता सरकतो; तो हिच्या नाकाकडे!

मला दिसलं. गेल्लेर्टलाही दिसलं, तो पांढराफटक पडला. पण बोलायचं कसं? या तोंडानं जन्मात कधी सुट्टी घेतली आहे का? मी रुमालाचा बोळा दातांत धरला.

गेल्लेर्टला एक खोड आहे. बाण लावण्याआधी टेक्यावरून अंगठा फिरवायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, बायकोला कधी इतकं कुरवाळलंस का?" तर म्हणतो, "बायको उलटी चिकटवलेली नसते, बोरिश्का."

इल्कानं बाण उचलला आणि थांबली. तिचा अंगठा टेक्यावरून फिरला. पुन्हा फिरला. गोंद ओलाच होता. तिनं कातडं सोललं, फिरवून बसवलं, दाबून धरलं. मग दोरी ताणली.

बाण अजून निशाणाच्या मधोमध रुतलेला आहे. कुणी उपटू नका.

गेल्लेर्ट, तू उद्या लेकीकडे सेगेडला चाललास. जा बाबा, खुशाल जा. तुझा अंगठा इथेच राहिला.

बाकांची ओझी वाहणाऱ्यांचे आणि पहाटे उठून खसखशीचे रोल भाजणाऱ्या सुनांचे आभार. सकाळभर गप्प बसले, त्याची वसुली आत्ता केली. कुणाला लागलं असेल तर म्हातारीला माफ करा.