डाव्या पायाचं काम

...तर मी म्हणतो, मोटर नको, बॅटरी नको, काही नको, निदान ते इंजिन तरी माझ्या जिन्याखालून हलवा! तुम्हाला सांगतो, घरात शिरलं की पहिली ठेच त्या इंजिनाची. बायकोनं त्याच्यावर चादर टाकलीये. पाहुणे दबक्या आवाजात विचारतात, कोण आजारी आहे का? आता काय सांगू, बाबांची गाडी झोपलीये म्हणून?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. बाबांची गाडी. वयानं माझ्याहून थोडी लहान, पण लाड माझ्याहून जास्त. मी तापानं फणफणलो तर बाबा म्हणायचे, "होईल बरा." आणि गाडी नुसती खोकली की यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. अशी ती गाडी. आणि डॉक्टरांनी सांगितलं, डावा गुडघा कामातून गेला, यापुढे क्लच दाबायचा नाही. संपलं! बाबा रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन गाडीत बसायला लागले. चालू नाही करायचे, नुसते बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवून. आई तिथंच चहा नेऊन द्यायची, खिडकीतून. मला ते बघवेना हो. खरंच बघवेना.

म्हटलं, "बाबा, माझी गाडी घ्या की. ऑटोमॅटिक आहे, क्लचच नाही तिला." तर बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या हातात काठी दिली. म्हणाले, "ज्या गाडीत डाव्या पायाला काम नाही, ती गाडी नव्हे. ती लिफ्ट."

आता इथं मी गप्प बसायचं की नाही? पण नाही, खाज! कुठंतरी वाचलं होतं, जुन्या गाडीला विजेची मोटर जोडून हायब्रिड करता येते. गावात मोटरवर, क्लचशिवाय, लांबच्या रस्त्याला इंजिनवर. लांब मी नेईन, गावात बाबा फिरतील. गाडी तीच, गुडघा सुखी. मुद्दा काय होता? क्लच. एवढाच.

मेव्हण्याला विचारलं. बायकोचा धाकटा भाऊ, विजेचा इंजिनिअर. मी तोंड उघडायचा अवकाश, "भावोजी, अहो सोप्पंय!" ज्याच्या घरची बेल लग्नापासून बंद आहे, दार बडवावं लागतं, त्याला गाडी सोप्पी! आणि दुसरे आमचे मेकॅनिक. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, कारण पाना हातात घेण्याआधी धडा घेतात. "साहेब, इंजिन म्हणजे काय? आधी ते समजून घ्या."

बैठका सुरू झाल्या. आमच्या जेवणाच्या टेबलावर! मेव्हण्याचा लॅपटॉप, मास्तरांचे काळे हात, आणि आई मधे जुने कागद पसरत फिरतेय. मेव्हणा म्हणे, बॅटरी डिकीत. मास्तर म्हणे, मग मागं वजन, स्प्रिंगा जाड पाहिजेत. जाड स्प्रिंगा तर ब्रेक मोठे. मोठे ब्रेक तर वजन आणखी. वजन आणखी तर मोटर मोठी, आणि मोटर मोठी म्हणजे... "भावोजी, बॅटरी वाढवू!" अरे, ही गाडी आहे की म्हशीचं लफडं? वैरण वाहायला दुसरी म्हैस, तिला वैरण वाहायला तिसरी! मी म्हटलं, मुद्दा काय होता? क्लच. तर दोघंही माझ्याकडे बघून हसले. शाळेतल्या पोराकडे बघतात ना, तसं.

आणि बाबा? बाबांनी प्रत्येक बैठकीत एकच वाक्य बोलायचं. "क्लचचं पेडल काढायचं नाही." मेव्हणा समजावतोय, "काका, गावात त्याचं कामच नाही." "नसू दे. राहू दे."

मग एक दिवस कामावरून येतो, तर शेडमध्ये गाडीचं तोंड उघडं आणि इंजिन जिन्याखाली! मास्तर शांत. "मापं घ्यायला काढलं साहेब. आत हात जात नव्हता." अहो, दात मोजायला कुणी जबडा काढून ठेवतं का? बरं, काढलं तर काढलं, म्हटलं आता मोटर बसवा. आणि तिथं कळलं. मेव्हण्यानं मोटर कुठं आखली होती? इंजिनाच्या जागी! तो धरून चालला होता की इंजिन जाणार. मास्तर धरून चालले होते की मोटर मागं येणार. इतक्या बैठका, इतका चहा, आणि दोघांनी एकमेकांना एवढं विचारलं नाही, की बाबा रे, तुझं कुठं बसतंय? मास्तर म्हणाले, "इंजिन नाही तर हायब्रिड कशाची?" मेव्हणा म्हणाला, "मग यांनी काढलं कशाला?" झाली बोलाचाली, मग बोलणंच बंद. तेव्हापासून मी निरोप्या. याचं त्याला सांग, त्याचं याला सांग.

असाच एकदा निरोप घेऊन मी मास्तरांकडे पायी गेलेलो, आणि इकडे आईची दाढ ठणकायला लागली. गाल हा एवढा सुजला. घरात चालणारी गाडी एकच, माझी. बाबा काय करतात? निमूट बसले त्या लिफ्टमध्ये. दवाखान्यात जाऊन आले. मी धावत घरी, मागोमाग मास्तर. "बाबा! जमलं?" आई गाल धरून म्हणाली, "दाढ राहिली बाजूला, आता मान धरलीय." डावा पाय, हो! सवयीनं क्लच शोधायचा आणि पडायचा ब्रेकवर. प्रत्येक चौकात आईचं कपाळ पुढं.

मी कपाळाला हात लावला. पण मास्तरांचा चेहरा खुलला. म्हणाले, "साहेब, आधी हे समजून घ्या, पायाला काम पाहिजे." आणि त्यांनी जुन्या गाडीतलं ते पेडल काढलं, खाली एक मऊ स्प्रिंग लावली आणि माझ्या गाडीत, डाव्या कोपऱ्यात, बसवून टाकलं. पुढं कशालाही जोडलेलं नाही. नुसतं दाबायचं. गुडघ्याला भार नाही, पायाला विरंगुळा.

बाबा आता रोज माझी गाडी घेऊन जातात. दाबतात, सोडतात, गुणगुणतात. आईची मान सरळ आहे. मी म्हटलं, मास्तर, आणि आपलं हायब्रिड? हात पुसत म्हणाले, "झालं की साहेब. दोन गाड्या मिळून एकाच माणसाला ओढतायत, हायब्रिड म्हणजे आणखी वेगळं काय असतं?"

बोला! मी बसनं येतो हल्ली. बसच्या गर्दीनं जीव आंबून जातो, म्हणून संध्याकाळी जरा शेडमध्ये जाऊन बसतो, बाबांच्या गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून. समोर इंजिन नाही, खाली पेडल नाही, डाव्या पायाला काही म्हणजे काही काम नाही. आई चहा आणून देते. खिडकीतून.