जोडीच्या मशीनने ‘आहे’ म्हटल्याबाबत

नाव व पत्ता ओळखपत्रावरून पहिल्या पानावर उतरवून घेतले आहेत. वय ५२ वर्षे. धंदा : नोकरी, कारागृहाच्या संगणक कक्षात डेटाबेसची देखभाल, कंत्राटी, अकरा वर्षे.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहण्यास आहे. मुलगी लग्न होऊन परगावी असते. कक्षात आम्ही दोघे होतो. जोडीदार चौदा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला. जागा भरलेली नाही.

कारागृहातील प्रत्येक नोंद दोन मशीनवर होते, एक मुख्य आणि एक जोडीचे. जोडीच्या मशीनने ‘लिहिले’ असे कळवल्याशिवाय मुख्य मशीन नोंद पक्की करत नाही आणि फाटकावरची, बाहेर सोडण्याची चिठ्ठी छापली जात नाही. पूर्वी एकच मशीन होते. ते जळाले, त्यात एका सुटलेल्या बंद्याच्या सुटकेची नोंद गेली, आणि त्याला घरून उचलून आणून अकरा दिवस पुन्हा आत ठेवले होते. म्हणून नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही.

आज सकाळी सव्वादहाच्या सुमारास एका बंद्याच्या चार तासांच्या रजेचा आदेश आला. त्याची आई वारली होती. अंत्यविधी साडेबाराला ठरला होता. दोन शिपायांच्या पहाऱ्यात त्याला न्यायचे होते. फाटकावरील कारकुनाने नोंद केली, पण चिठ्ठी निघेना. त्याने मला फोन केला. मी माझ्या संगणकावरचा, मशीन चालू-बंद दाखवणारा फलक पाहिला. दोन्ही मशीनसमोर हिरवा दिवा होता. मी त्याला म्हणालो, “माझ्याकडे सगळं ठीक आहे, तुझा प्रिंटर बघ.”

त्यानंतर मी स्वतः फाटकावर जाऊन प्रिंटर, वायर व कारकुनाचा संगणक तपासला. संगणक बदलूनही पाहिला. बंदी बाकावर बसला होता. शर्टाची गळ्यापर्यंतची बटणे लावलेली होती. त्याने मला विचारले, “साहेब, माझ्या कागदात काही चुकलंय का?” मी नाही म्हणालो. याखेरीज आमचे बोलणे झाले नाही.

साडेअकरानंतर भेटीच्या खिडकीवरून आणि कोठारातूनही काम अडल्याचे फोन आले. तेव्हा मी रखडलेल्या नोंदींची यादी काढली. एक्केचाळीस नोंदी होत्या आणि सगळ्या जोडीच्या मशीनची वाट पाहत होत्या. त्या मशीनवर मी एक ओळ लिहून पाहिली. लिहिता आली नाही. त्याची डिस्क सकाळी दहा वाजून नऊ मिनिटांनीच गेली होती. आमची तपासणी दर पाच सेकंदांनी त्याला ‘आहेस का’ एवढेच विचारते. ते ‘आहे’ म्हणत होते. ‘लिहितोस का’ असे विचारणारी तपासणी ठेवावी, असे मी सहा महिन्यांपूर्वी कळवले होते. “पुढच्या खेपेला बघू,” असे उत्तर आले. मी पुन्हा विचारले नाही. का नाही, असे आता विचारल्यावर सांगतो की, कंटाळा आला होता.

दोष कळला तेव्हा अकरा पन्नास झाले होते. जोडीच्या मशीनला वगळून काम सुरू करण्यास एक मिनिट लागते. त्यासाठी अधीक्षकांची लेखी परवानगी लागते. साहेब बैठकीत होते. त्यांच्या सहायकाला मी चार वेळा फोन केला. ते म्हणाले, “बाहेर आले की सांगतो, दार वाजवू का आता?” मला अधिकार नव्हता. पासवर्ड होता.

बारा वीसला मी फाटकाबाहेर जाऊन बंद्याच्या बहिणीस सांगितले, “ताई, सिस्टीम अडकलीय, थोडा वेळ लागेल.” ती म्हणाली, “सकाळपासून तुमचा थोडाच वेळ चाललाय. दादाला आईचं तोंड तेवढं बघू द्या.” मी आत आलो.

परवानगी बारा बावन्नला आली. बारा त्रेपन्नला रखडलेल्या सगळ्या नोंदी पापणी लवते न लवते तोच झाल्या. बंदी एक वाजून दोन मिनिटांनी बाहेर पडला. स्मशान चाळीस मिनिटांवर आहे. तिथल्यांनी एकपर्यंत वाट पाहिली. नंतरची वेळ दुसऱ्यांची होती. शिपाई त्याला तीनच्या आत परत घेऊन आले. त्याची आत येण्याची नोंद लगेच झाली.

तीन दहाला मी नवी डिस्क उतरवून घेण्यासाठी फाटकावर उभा होतो. बहीण गाडीमागून आली होती. तिने विचारले, “मशीन बघणारे तुम्हीच ना? झालं काय होतं?” मी खरे ते सांगितले.

“तुम्हाला कळलं कधी?”

“बाराला दहा कमी असताना.”

“आणि चालू कधी केलंत?”

“एकला सात कमी असताना.”

“मधे काय करत होतात?”

“परवानगीची वाट बघत होतो.”

तेव्हा तिने हातातील पाण्याची स्टीलची बाटली मला फेकून मारली. डाव्या भुवईवर तीन टाके पडले आहेत. तिने शिवीगाळ केली नाही. रक्त आलेले पाहून तीच आधी खाली बसली. पत्नीस मी फोनवर दाराला धडकलो असे सांगितले आहे.

सरकारी आवारात हल्ला झाला, तक्रार द्यावी लागेल, असे हवालदार म्हणतात. मी कंत्राटी आहे, माझे डोके सरकारी मालमत्तेत मोडत नाही, असे मी म्हणालो. हे लिहायचे नसते, असे ते म्हणाले. लिहा म्हणालो. माझी तिच्याविरुद्ध काही एक तक्रार नाही. ती तीन तासांपासून बाहेरच्या बाकावर आहे. तिच्या घरी आज माणसे आलेली असतील. तिला जाऊ द्यावे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात ‘मशीन बंद पडल्याने उशीर झाला’ असे एक वाक्य आले होते. ते हवालदारांचे आहे, माझे नाही. ते माझ्यासमक्ष खोडून, पहिली पंच्याण्णव मिनिटे मशीनची धरली तरी पुढची त्रेसष्ट माझी आहेत, असे लिहून घेतले. आता मजकूर मी सांगितला तसा आहे, बरोबर आहे.