दोन मुलखांचा डोह

माझा जनम खालापूरच्या अंगाचा, घाटात आगगाडीसाठी सुरुंग उडत व्हते तवाचा. आई सांगायची, धडाका झाला की तू झोळीत दचकायचास. आमचं गाव इंग्रजी मुलखातलं शेवटचं, म्होरं नदी, आन नदीपल्याड संस्थान. आता काय सांगू तुमाला, मामाकडं जायचं म्हंजे गुडघाभर पाण्यातनं दुसऱ्या राज्यात जायचं, आमची म्हस बी रोज त्याच राज्यात चरून यायची, तिला कोण इचारतंय.

बा गावचा जागल्या, राखणदार, त्याच्या मागं मी. हातात सरकारची काठी, टोकाला पितळंची शेंबी, टोपीवानी बसवलेली, शेंबीवर शिक्का. त्या जागलकीपायी भाताच्या जमिनीचा एक तुकडा मिळालेला, त्यावर घर चालायचं. उन्हाळ्यात नदी आटती, मागं ऱ्हातो त्यो डोह. अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. पाऊस लागंस्तवर दोन्ही गावं त्यातलंच कालवण खायची, गळ टाका, जाळं टाका, कोण नाय म्हणत नव्हतं. पण गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकायची नाय, ही जुनी बंदी. त्या इखानं मरळ मरती, वाम मरती, आन बोटभर पिलं बी मरत्यात. मंग पुढच्या साली काय खाशील रं, दगड?

पण चोरून गेळ टाकणारा शाणा. मी धावलो की कमरंभर पाण्यातनं पल्याड जायचा आन तिथनं दात काढायचा. तिकडचा जागल्या सखाराम धावला की अल्याड यायचा. आन आमी दोघं शाणे काय करायचो, तर दोन काठांवरनं एकमेकांना शिव्या घालायचो, मी म्हणायचो तुझी माणसं, त्यो म्हणायचा तुझी. एका साली सकाळी बघतो तर सगळा डोह पांढरा, मासे पोटं वर करून. दोन्हीकडच्या बाया टोपल्या घेऊन आल्या आन नुसत्या उभ्या ऱ्हायल्या. सखाराम त्या काठावर डोक्याला हात लावून बसलेला, मला शिवी बी घालीना. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सखारामाची बायको मोठी फाटक्या तोंडाची. ती म्हणाली, भांडताय काय, काठ्या बदला, चोर शिक्क्याला भितो, तुमच्या तोंडाला नाय. पटलं बघा. आपल्या गावात आपल्याला वळखायला काठी कशाला लागती? मधल्या खडकावर नारळ फोडला, संस्थानच्या शिक्क्याची त्याची काठी मी घेतली, माझी इंग्रजी शिक्क्याची त्यानं.

मंग एक दिवस मी चोराच्या मागं पल्याड गेलो आन गेळाच्या पोत्यासकट धरला. त्यानं बोंब मारली, इंग्रजी माणसानं संस्थानात हात टाकला. नशीब कसं बघा, संस्थानचा कारकून तवा त्याच गावात उतरलेला. त्यानं कर्जतला आमच्या मामलेदारांना लिहिलं, आन चार दिसांनी मामलेदार आन कारकून, दोघं डोहावर हजर. मामलेदार म्हणाले, ही काठी कुणाची? जागलकी गेली तर भाताचा तुकडा गेला, पोरं काय खातील? तवा सखाराम म्होरं झाला. म्हणाला, माझी हाय, मी दिली, त्याला काढायचं तर मला बी काढा. कारकून लालबुंद. मामलेदारांनी त्याला हातानं थांबवलं. मंग दोघं आंब्याखाली जाऊन काय बोलले देव जाणे. हुकूम झाला, शेंब्या ज्याच्या त्याला परत द्यायच्या, आन गेळ टाकणारा कुठल्या बी काठाला गावला तर कुठल्या बी जागल्यानं धरावा, आन त्याच्या गावच्या पाटलाच्या ताब्यात द्यावा. घ्या! आमी दुसरं काय करत व्हतो?

शेंब्या परत म्हणाले, काठीचं कोण बोललं नाय. आमी दगडानं ठोकून शेंब्या काढल्या, बदलल्या, आन काठ्या तशाच ठेवल्या. सखाराम हसून म्हणाला, सरकारचं सरकारला गेलं रं.

त्यानंतर डोह परत कधी पांढरा झाला नाय.

गेल्या शिमग्यानंतर सखाराम गेला. आता त्याचा ल्योक धोंडू तिकडचा जागल्या. बाचे दिवस घातल्यावर त्यो काठी घेऊन माझ्या दारात आला, म्हणाला, काका, बा सांगून गेला, ही तुमची हाय, परत दे. मी हातात घेतली. माझ्या बाच्या मुठीनं गुळगुळीत झालेली जागा अजून तशीच. लई येळ हात फिरवला, मंग त्यालाच दिली. म्हटलं, ठेव बाबा, डोह राख. ही घेतली तर तुझ्या बाची मला द्यावी लागंल, आन ती मी देणार नाय.

आता डोळ्यांना कमी दिसतं. तरी सखारामाची काठी टेकत डोहावर जातो. पल्याडनं धोंडू वरडतो, काका, जपून, दगडावर शेवाळ हाय. देव त्याचं भलं करो.